यादीतलं सातवं नाव

लांब पायी जायचं ठरलं की माणूस आधी बूट बघतो. मीही बूटच बघितले. सोबतीला कोण आहे ते नंतर बघू म्हटलं, आणि तिथंच फसलो.

अजूनही कुणी ना कुणी विचारायला येतं. "काका, आम्ही सलग पंधरा-वीस दिवस डोंगरातून चालणार आहोत. तयारी कशी करायची?" त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं, की एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास मी साल्हेरपासून भीमाशंकरापर्यंत सह्याद्रीच्या धारेने अठरा दिवस चाललो होतो. मग मी पायांचं सांगतो, ओझ्याचं सांगतो, पाण्याचं सांगतो. ते वहीत लिहून घेतात, वाकून नमस्कार करतात आणि जातात. बाकीचं मी सांगत नाही. त्यांना ते ऐकायचंही नसतं.

तेव्हा मी सातपूरच्या एका कारखान्यात टाईम ऑफिसात कारकून होतो. कोण कधी आला, कोण किती वाजता गेला, कोणाची रजा किती उरली, हे सगळं माझ्या टेबलावर. मराठी टाईपरायटर अख्ख्या कारखान्यात एकच होता आणि तो माझ्यापुढे होता. टूलरूममध्ये एक फोरमन होते, चाळिशीचे, पोलादासारखे काटक. दर रविवारी ते पाच-सहा जणांना घेऊन डोंगरात जायचे. सगळे त्यांना कप्तान म्हणायचे. एकदा रजेचा अर्ज द्यायला आले असताना माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझी चाल बघितली मी गेटपासून. खुर्चीत काय बसलायस? रविवारी ये रामशेजला." मी गेलो, आणि पुढे जातच राहिलो. वर पोचायला मला त्यांच्यापेक्षा कमी वेळ लागायचा. हे त्यांना आवडायचं, हे मान्य करायला पाहिजे.

चाल माझी नव्हतीच, ती वडिलांची होती. वडील रेल्वेत कीमन होते. मनमाडच्या पुढे त्यांच्या वाट्याला रुळांचा एक तुकडा होता. रोज सकाळी हातोडा खांद्यावर टाकून तो तुकडा जाता-येता चालायचा, रुळाची सैल झालेली चावी दिसली की ठोकून बसवायची. ऊन असो, पाऊस असो, तीस वर्षं. निवृत्त झाल्यावर ते माझ्याकडे नाशिकरोडच्या वस्तीत राहायला आले. आई मी लहान असतानाच गेली होती, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. अठरा दिवसांचा बेत मी त्यांना सांगितला तेव्हा ते म्हणाले,

"पगारी रजा टाकून चालनार?"

"हो."

"मला चालायचा पगार मिळत व्हता," ते म्हणाले. "तुमचं शिकल्याल्यांचं काय कळत नाय." पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोपऱ्यावरच्या टपरीवर ते सांगत होते, की माझं पोरगं साल्हेरपासून भीमाशंकरापर्यंत पायी जाणार, आणि मी मागे उभा आहे हे त्यांना माहीत नव्हतं. आठवडाभरात अख्ख्या वस्तीला कळलं. आयाबाया विचारू लागल्या, "कधी निघनार रे?" तीस वर्षं चाललेल्या माणसाची नोंद हजेरीपटावरच्या एका आकड्यापलीकडे कुठे झाली नव्हती. माझं चालणं मात्र माझ्या नावावर जमा होणार होतं, आणि ते नाव त्यांचंही होतं. मला ही चाल हवी होती ती त्यासाठी. डोंगराची हौस होतीच, पण हौसेसाठी माणूस चार महिने पाठीवर विटा वाहत नाही.

विटांचं खरंच सांगतो. तयारी करायची तर ओझ्यासकट करावी. नुसतं चालायला कोणालाही येतं. पहिल्या आठवड्यात सॅकमध्ये दोन विटा घालाव्यात, गोणपाटात गुंडाळून, नाहीतर पाठ सोलते. मग दर आठवड्याला एक वाढवावी, सहा झाल्या की थांबावं. मी सातपूरला बसने जाणं सोडलं होतं. विटा घेऊन चालत जायचो, विटा टेबलाखाली ठेवायचो आणि संध्याकाळी परत घेऊन यायचो. वॉचमन रोज सॅक उघडून बघायचा, की हा कारखान्यातून विटा चोरतोय की कारखान्यात विटा आणतोय.

सॅक विकतची नव्हती. रविवार कारंज्याजवळ ताडपत्री शिवणारा एक कारागीर होता, त्याच्याकडून कप्तानांनी सात सॅका शिवून घेतल्या. पट्टे त्याने अरुंद लावले होते, म्हणून मी ते उसवून आत जुन्या घोंगडीचे तुकडे भरले. जड सामान वर आणि पाठीला चिकटून ठेवावं, हलकं खाली. बहुतेक लोक उलटं करतात आणि दिवसभर मागे ओढल्यासारखे चालतात.

बूट आम्ही हंटर शूज घेतले, कापडी, रबरी तळाचे. एक नंबर मोठे घ्यावेत, कारण तिसऱ्या दिवशी पाय सुजतो. आणि नवे बूट घालून कधीही निघू नये. मी ते दोन महिने ऑफिसात घालून बसायचो. साहेब लोक बघून हसायचे. वडिलांनी बूट हातात घेऊन वाकवून बघितला आणि म्हणाले, "ह्याचं काय खरं नाय. आधी पाय तयार कर, मंग बूट." मग पहाटे अनवाणी मुरमावरून चालायचं, रात्री तळव्यांना एरंडेल चोळायचं, नखं सरळ कापायची, कोपरे गोल करायचे नाहीत. फोड आला तर सुईत दोरा ओवून फोडातून आरपार काढायचा आणि दोरा तसाच आत ठेवायचा, म्हणजे पाणी झिरपून जातं आणि कातडी शाबूत राहते. हे सगळं मला वडिलांनी शिकवलं. कप्तानांकडे याबद्दल एक इंग्रजी पुस्तक होतं. त्यात फोडाला जे लिहिलं होतं त्याने आमच्यातल्या दोघांचे पाय सडायची वेळ आली.

खायचं मी ठरवलं. भाजलेल्या नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ, गूळ, शेंगदाण्याचा कूट, मेतकूट, पोहे, सुकी लसणाची चटणी. तांदूळ थोडेच, कारण ते शिजवायला पाणी आणि वेळ दोन्ही जातं. नागलीचं पीठ पाण्यात कालवून गूळ घातला की दुपार निघते. सुरगाण्याकडचे मजूर नाशिकला बांधकामावर यायचे, त्यांना मी हेच खाताना बघितलं होतं. कप्तानांना बिस्किटांचे पुडे घ्यायचे होते. मी म्हटलं, बिस्किटं चढावर घशात अडकतात. त्यांनी माझं ऐकलं. माझं ते पुष्कळ ऐकायचे, म्हणून तर मला वाटायचं की मी त्यांच्यातला आहे.

रविवारी सराव म्हणून आम्ही लेण्यांच्या पायऱ्या चढायचो. सगळे त्याला पांडवलेणी म्हणतात. आमच्या घरी ती बुद्धलेणी. ओझं घेऊन वर-खाली दहा फेऱ्या. दहावी झाली की बाकीचे ओसरीत पाय पसरून भेळ खायचे. मी बूट काढून आत जाऊन यायचो. एकदा एकाने विचारलं, "आत काय करतोस रे एवढा वेळ?" मी म्हटलं, "थंड असतं." तेव्हा साधं खरं सांगायला काय हरकत होती? पण नाही सांगितलं. म्हणजे सवय आधीपासूनच लागत होती, कप्तानांना सगळा दोष देऊन मोकळं होता येत नाही.

निघण्याआधी एकदा तीन दिवसांची रंगीत तालीम करावी, आणि तीही जिथून खरं जायचं तिथंच. आम्ही ती दिवाळीच्या सुट्टीत केली, त्र्यंबकहून इगतपुरीच्या बाजूला. जाण्याआधी वडिलांनी विचारलं, "झोपनार कुठं?"

"देवळात. प्रत्येक गावात देऊळ असतंच."

याच शहरात, देवळाच्या दारात उभं राहायला गेलेल्या आमच्या आजोबांच्या कपाळावर दगड बसला होता. ती खूण घेऊनच ते गेले. नंतर आमच्या लोकांनी त्या देवळाचा नादच सोडला. "आपल्याला झोपू देतीन?" वडिलांनी विचारलं.

"दादा, आता काळ बदललाय." हे मी कोणत्या तोंडाने बोललो, देव जाणे. मला दोन वर्षं डोंगरात काढून असं वाटायला लागलं होतं, की उंचीवर गेलं की हवा वेगळी असते.

दुसऱ्या संध्याकाळी एका गावात पोचलो. पोलीस पाटलाच्या ओसरीवर बसलो. माणूस बोलायला चांगला, आदबशीर. त्याने प्रत्येकाला विचारलं, "तुम्ही कुठले? कुनापैकी?" सगळ्यांनी गाव आणि आडनाव सांगितलं. मीही सांगितलं. कुणी ओरडलं नाही, कुणी हाकललं नाही. पाटलाने फक्त मान हलवली आणि आत गेला. थोड्या वेळाने चहा आला. सहा कपबश्या आणि एक कप, कान तुटलेला, तो गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यातून एका बाईने काढला आणि माझ्यापुढे जमिनीवर ठेवून त्यात वरून चहा ओतला. मग पाटील म्हणाला, "तुम्ही सा जन देवळात झोपा. ह्यांची सोय शाळंच्या पडवीत करतो."

मी कप्तानांकडे बघितलं. ते म्हणाले, "बरं."

एवढंच. त्या "बरं"मध्ये चार महिन्यांच्या विटा होत्या, लेण्यांच्या पायऱ्या होत्या, मी उसवून शिवलेले सात जणांचे पट्टे होते. आमच्यातला एक जण, मशीनशॉपमधला, माझ्यासोबत शाळेत यायला उठला होता. कप्तानांनी त्याला बसवलं. "पाहुणे आहोत आपण, गावाचा मान ठेवावा," म्हणाले. सकाळी सगळे माझ्याशी नेहमीसारखे बोलले. नेहमीपेक्षा जरा जास्तच बोलले. मी उतारावर सगळ्यांच्या पुढे निघून गेलो आणि कोणासाठी थांबलो नाही.

परत आल्यावर कप्तानांच्या घरी बैठक झाली. कुणाचा बूट कुठे चावला, कुठलं सामान फुकट वाहिलं, याची चर्चा. ओझं कमी करायचं ठरलं. दात घासायचा ब्रश अर्धा कापायचा, टॉवेलऐवजी पंचा, सात ताटल्यांऐवजी डब्याची झाकणं. शाळेच्या पडवीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मीही मूग गिळून बसलो. कप्तानांच्या बायकोने आम्हाला पिठलं-भाकरी वाढली, मला आग्रह करून दोनदा. ताट उचलायला गेलो तर म्हणाल्या, "राहू द्या हो, मी उचलते." हे खोटं नव्हतं. म्हणूनच त्या माणसावर नीट चिडतासुद्धा येत नव्हतं.

मग पत्रांचं काम आलं. वाटेत मुक्कामाची गावं चौदा, तालमीतलं ते गाव त्यातून वगळलेलं, उरलेल्या रात्री गुहेत नाहीतर उघड्यावर. प्रत्येक गावाच्या सरपंचाला किंवा पोलीस पाटलाला आधी पत्र पाठवायचं. अमुक तारखेला आम्ही सात जण येत आहोत, देवळात मुक्कामाची परवानगी असावी, सोबत नावांची यादी. ही पद्धत चांगली आहे, आजही सांगतो. आगाऊ पत्र असलं की गाव माणसाला चोर समजत नाही. पत्रं टाईप करणार कोण, हा प्रश्नच नव्हता.

शनिवारी अर्धा दिवस होता. कारखाना रिकामा झाला. कप्तान माझ्या खुर्चीमागे उभे राहून मजकूर सांगत होते. यादी आली. पहिलं नाव त्यांचं, मग बाकीचे, सातवं माझं. मी माझं पहिलं नाव टाईप केलं, वडिलांचं केलं, आणि आडनावाचं पहिलं अक्षर उठलं तेवढ्यात त्यांनी खांद्यावर हात ठेवला.

"थांब जरा. हे बघ, माझ्या मनात तसं काही नाही, तुला माहितेय. आमच्या घरी तू जेवतोस."

"हो."

"पण गावं तशी आहेत. तू बघितलंस ना? चौदा गावं आहेत. चौदा ठिकाणी तुला शाळेत झोपवायचं, मला बरं वाटेल का? उद्या एखाद्या गावाने सगळ्यांनाच नाही म्हटलं तर?"

मी रोलर फिरवून कागद उगाच सरळ केला.

"माझं आडनाव टाक. चुलतभाऊ म्हणून सांगू. अठरा दिवसांचा तर प्रश्न आहे. तुझ्याच भल्यासाठी सांगतोय."

दुसरा पर्यायही होता. "सगळ्यांचंच झोपायचं ठिकाण बदलू, सातही जण शाळेत झोपू." हे त्यांनी सुचवलं नाही, आणि मी सुचवलं नाही. सगळे शाळेत झोपले असते तर मुक्काम तसाच झाला असता, थंडी तेवढीच लागली असती. पण हे मला सुचलं दहा वर्षांनी, भांडी घासताना, आणि हातातलं पातेलं मी मोरीत आपटलं.

त्या दुपारी मला वस्ती दिसत होती, टपरीवरचे वडील दिसत होते, मंजूर झालेली रजा, टेबलाखालच्या विटा. मी कागद ओढून काढला आणि नवा घातला. माझं पहिलं नाव, त्यापुढे त्यांचं आडनाव. वडिलांचं नावही वगळलं, कारण चुलतभाऊ म्हटल्यावर ते कुठेतरी अडलं असतं. चौदा पत्रं टाईप केली, प्रत्येकाची एक कार्बन प्रत. एकही खाडाखोड झाली नाही. टायपिंगमध्ये माझा हात साफ होता. कप्तान खूश झाले, म्हणाले, "चल, चहा घेऊ."

वडिलांना मी यातलं काही सांगितलं नाही. निघायच्या दिवशी ते सटाण्याच्या गाडीपर्यंत सोडायला आले, माझी सॅक स्वतः उचलून बघितली आणि म्हणाले, "बराबर हाय."

चालण्याबद्दल विचाराल तर तयारी उत्तम झाली होती. माझ्या पायाला एक फोड आला नाही. बागलाणातल्या गावांनी आमचं स्वागत केलं, सुरगाण्याच्या डोंगरात कोकणा आदिवासींनी आडनाव विचारलंच नाही, आधी भाकरी दिली. पण एकदा धारेवरून पलीकडच्या मोठ्या गावांत उतरू लागलो की यादी आमच्या आधी पोचलेली असायची. पहिल्यांदा एका सरपंचाने मला त्या आडनावाने हाक मारली, तेव्हा मी वळलोच नाही. कप्तानांनी कोपराने ढोसलं. चौथ्या-पाचव्या गावापर्यंत मी आपसूक वळायला लागलो. चहा कपबशीतून यायचा, आलं घातलेला, चांगला असायचा. मी तो प्यायचो. कप्तान माझ्याकडे बघून डोळे मिचकावायचे, आपण दोघांनी मिळून गावाला कसं बनवलं, अशा थाटात.

चौदाव्या दिवशी अकोले तालुक्यातल्या एका गावात होतो. देऊळ टेकाडावर. सूर्य मावळायला अवकाश होता. मी चूल मांडत होतो, बाकीचे मागे पाय धरून बसले होते. खालून एक म्हातारा सरपणाची मोळी घेऊन आला. पाटलाने पाठवला होता. तो पायरीच्या खाली थांबला, मोळी तिथंच ठेवली आणि चार पावलं मागे सरला. ओढ्याकाठी सात-आठ घरं होती, एका घरावर निळा झेंडा होता. मोळी घेऊन तो तिकडूनच आला होता.

"रामराम साहेब," तो म्हणाला. "साल्हेरपून चालत आला म्हनं तुम्ही?"

माझ्या ओठापर्यंत "जय भीम" आलं. मागे कप्तान बसले होते. मी म्हणालो, "रामराम."

म्हाताऱ्याने माझ्या शेजारच्या दोन रिकाम्या कॅनकडे बघितलं. "पानी हितूनच भरा. म्होरल्या खिंडीत टिपूस नाय." मी कॅन उचलून ओढ्याकडे निघालो. तिथे त्या घरांखाली एक झरा दिसत होता, पाणी वाहताना इथूनही दिसत होतं. त्याने घाईघाईने हात आडवा केला.

"तिकडं नगं साहेब. तो आमचा हाय. तुमाला चालायचा नाय. तुम्ही वरल्या हिरीवर जा."

तो माझ्या वडिलांच्या वयाचा होता. माझा धर्म बाटू नये म्हणून तो मला सांभाळत होता. मी तिथल्या तिथे कॅन खाली ठेवून त्याला सांगायला हवं होतं, की बाबा, तो झरा माझाही आहे. दोन शब्दांचं काम होतं. मी वरच्या विहिरीवर गेलो. ती लांब होती. दोन्ही कॅन भरून आणले आणि त्या पाण्यात सात जणांचं पीठ कालवलं. उरलेले चार दिवस मी चाललो कसा, ते आठवत नाही. भीमाशंकरला पोचल्यावर सगळ्यांनी मिठ्या मारल्या. मी बूट सोडायला बसलो आणि बराच वेळ नाड्याच सोडत राहिलो.

घरी आलो. चारेक दिवसांनी एका वर्तमानपत्रात बातमी आली. बातमीदाराला नावं हवी होती, तर कप्तानांनी पत्राची एक कार्बन प्रत काढून दिली होती. मला पत्ता नव्हता. रविवारी सकाळी वडील स्टेशनवरून चार अंक घेऊन आले. त्यांना वाचता यायचं, पण अक्षर लावत लावत. म्हणून त्यांनी समोरच्या शाळामास्तरांना हाक मारली, ओट्यावर चटई टाकली. शेजारचे आठ-दहा जण जमले. मी आत दाढी करत होतो. मास्तर मोठ्याने वाचू लागले. अठरा दिवस, इतके किल्ले, इतक्या खिंडी. लोक वाहवा करत होते. मग नावं आली. एक, दोन, तीन. सहा झाली. सातव्याला मास्तर अडखळले, परत वाचलं, आणि थांबले.

मग वडिलांचा आवाज आला. "छापनाऱ्याची चूक हाय."

"हो ना, हे पेपरवाले काहीही छापतात," एकाने दुजोरा दिला. "आपल्या लोकांचं नाव दिसलं की ह्यांच्या पोटात दुखतं," दुसरा म्हणाला. "जाऊन जाब विचारायला पायजे." चार जण लगेच माझ्यासोबत यायला तयार झाले.

वडील आत आले. हातात अंक होता, त्या ओळीवर अंगठा. "उद्या जाऊन दुरुस्त करून घे," म्हणाले.

माझ्या अर्ध्या गालाला साबण होता. मी म्हणालो, "दादा, त्यांची चूक नाही. यादीत तसंच होतं."

"यादी कुनी लिवली?"

"मी."

"कुनी हात धरला व्हता?"

"नाही," मी म्हणालो.

ते माझ्याकडे बघत उभे राहिले. मला वाटलं ओरडतील, हात उचलतील. मला ते हवं होतं. त्यांनी अंकाची घडी घातली, पुन्हा उलगडली, आणि तो कुठे ठेवावा हे न समजल्यासारखे इकडे तिकडे बघत राहिले. बाहेरून कोणीतरी हाक मारली, "काय म्हनतंय पोरगं? कधी जायचं पेपरच्या हापिसात?"

वडील दारात गेले. "जायची गरज नाय," त्यांनी सांगितलं. "त्यांनी कबूल केलंय. छापनाऱ्याची चूक झाली."

त्यानंतर ते अकरा वर्षं जगले. वस्तीत कधी विषय निघाला, की ते तेच सांगायचे, माझ्यासमोरसुद्धा, डोळ्याला डोळा न भिडवता. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एक पाऊल न चालता चाललो म्हणून सांगितलं नव्हतं. खोटं बोलायला त्यांना मी शिकवलं.